टी-शर्टवर उमटलेले संगीत

सातपुड्याचा पायथा आणि तापीचे खोरे यांच्यामध्ये वसलेला शहादा तालुका कापूस पिकवणारा. शहाद्याजवळ लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाची शेतकरी सहकारी सूतगिरणीही उभी राहिली. मात्र आपल्या आवडीच्या गाण्याचे, वाद्याचे किंवा बॅण्डचे चित्र असलेला जो टी-शर्ट इथला तरुण अंगावर मिरवतो, तो बहुधा तमिळनाडूतील तिरुपूरच्या होजिअरी कारखान्यांतून आलेला असतो आणि त्यावरचे चित्र त्याहूनही दूरचे, लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले असते. अलीकडे मात्र ढोल, मांदल, पावरी अशी सातपुड्याची वाद्येही टी-शर्टवर दिसू लागली आहेत. ही चित्रे येतात कुठून, ती छापली कशी जातात आणि त्यांवर हक्क कोणाचा, हे प्रश्न त्यामुळे महानगरांपुरते राहिलेले नाहीत.

अंतर्वस्त्राचे झाले निशाण

टी-शर्ट हे मुळात अंगात घालायचे वस्त्र. १९१३ च्या सुमारास अमेरिकी नौदलाने ते गणवेशाखालचा पोशाख म्हणून स्वीकारले. १९५१ च्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या चित्रपटात मार्लन ब्रॅण्डोने ते उघडपणे वापरले आणि तरुणांनी ते उचलून धरले. पुढच्या काही वर्षांत एल्व्हिस प्रेस्ली यांच्या नावाने विक्रीस आलेल्या वस्तूंमध्ये टी-शर्टचाही समावेश झाला. सत्तरच्या दशकात रॉक संगीताचे दौरे मोठे होत गेले आणि मैफलीच्या दारात टी-शर्ट विकणे हा स्वतंत्र व्यवसाय बनला. दौऱ्याचे वर्ष, शहरांची नावे आणि बॅण्डचे चिन्ह असलेला टी-शर्ट म्हणजे 'मी तिथे होतो' याचा पुरावा ठरला.

चार चिन्हे, चार कथा

या व्यवसायातून जगभर पोहोचलेल्या चिन्हांमध्ये 'रोलिंग स्टोन्स'चे लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ अग्रभागी आहे. १९७० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या जॉन पाश या तरुणाने ते रेखाटले. गायक मिक जॅगर यांनी त्याला नमुना म्हणून कालीमातेचे चित्र दाखवले होते. पाश यांना या कामाचे ५० पौंड मिळाले. २००८ मध्ये त्याच मूळ चित्रासाठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने सुमारे ९२ हजार डॉलर मोजले. कालीच्या चित्रावरून सुचलेली ही जीभ आज भारतातल्या दुकानांत विदेशी खूण म्हणून टांगलेली असते.

'पिंक फ्लॉइड'च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) या अल्बमवरील लोलक आणि त्यातून फुटणारे रंग ही 'हिप्नोसिस' या संस्थेची कल्पना, तर रेखाटन जॉर्ज हार्डी यांचे. 'जॉय डिव्हिजन'च्या 'अननोन प्लेझर्स' (१९७९) या अल्बमवर काळ्या पार्श्वभूमीवर डोंगररांगांसारख्या पांढऱ्या रेषा आहेत. त्या डोंगरांच्या नाहीत, एका स्पंदक ताऱ्याच्या रेडिओ स्पंदनांच्या आहेत. हा तारा १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सापडलेला पहिला स्पंदक होय. हॅरॉल्ड क्राफ्ट या संशोधकाच्या १९७० मधील प्रबंधातला आलेख विश्वकोशात छापला गेला आणि तेथून पीटर सॅव्हिल यांनी तो मुखपृष्ठावर आणला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण अशाच स्पंदकांचा वेध घेते. त्यामुळे हा टी-शर्ट घालणाऱ्या मराठी मुलाने खगोलशास्त्राशी नाते सांगितले, तर ते अगदीच दूरचे ठरणार नाही.

चौथे चिन्ह 'निर्वाणा'चा फुलीचे डोळे असलेला हसरा चेहरा. त्याच्याशी साधर्म्य असलेले चित्र कपड्यांवर छापल्याबद्दल या बॅण्डच्या कंपनीने २०१८ मध्ये मार्क जेकब्स या फॅशन संस्थेवर दावा लावला. तो तडजोडीने मिटायला २०२४ उजाडले. चेहरा साधा, पण त्यावरचा हक्क किती मोलाचा, हे त्यातून दिसले.

महाराष्ट्रातील वाटचाल

मुंबईत १९८६ मध्ये 'इंडिपेण्डन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. धोबीतलावाच्या रंगभवनात भरणाऱ्या या मैफलीत काळा टी-शर्ट हा जणू गणवेशच होता. १९९७ मध्ये रणजीव रामचंदानी यांनी मुंबईत 'तंत्र' ही टी-शर्टची मुद्रा सुरू केली आणि भारतीय जीवनातील विनोद व प्रतीके कपड्यावर आणली. २००७ मध्ये 'आयर्न मेडन' हा ब्रिटिश बॅण्ड बंगळुरूत आला. डेरेक रिग्ज यांनी घडवलेला 'एडी' हा त्यांचा सांगाडा तेव्हा भारतीय चाहत्यांच्या छातीवर सर्रास दिसला. पुढे 'बेवकूफ' (२०१२) आणि 'द सोल्ड स्टोअर' (२०१३) या मुंबईतील कंपन्यांनी इंटरनेटवरून विक्री सुरू केली. महानगरातील दुकानात जाण्याची गरज उरली नाही. चित्र निवडावे, पत्ता द्यावा आणि टी-शर्ट तालुक्याच्या गावी घरपोच यावा, हे शक्य झाले.

सातपुड्याचा स्वतःचा 'गणवेश'

एकाच संगीताने बांधलेल्या माणसांनी एकसारखा पोशाख करावा, ही कल्पना सातपुड्याला नवी नाही. होळीपूर्वी धडगाव परिसरात आणि सातपुड्यातील अन्य गावांत भोंगऱ्या बाजार भरतो. त्यात गावोगावचे लोक मोठाले ढोल घेऊन उतरतात आणि एकेका गटाचे कपडे एकाच रंगाचे असतात. गर्दीत कोण कोठला, हे त्यावरून कळते. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत मोरपिसांचे टोप, कमरेला बांधलेले घुंगरू व वाळलेले भोपळे आणि अंगावर रेखलेली नक्षी हा वेश असतो. तो नुसता पाहण्याचा नाही, ऐकण्याचाही आहे. नाचणाऱ्याच्या प्रत्येक पावलागणिक तो वाजतो.

टी-शर्ट या परंपरेत आला तो ९ ऑगस्टच्या निमित्ताने. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर १९९४ मध्ये हा दिवस जगातील मूलनिवासींचा दिवस म्हणून जाहीर केला. नंदुरबार जिल्ह्यात तो 'विश्व आदिवासी दिन' म्हणून मोठ्या प्रमाणावर साजरा होतो. मिरवणुकीत एकसारखे टी-शर्ट घालण्याची पद्धत रुळली. बिरसा मुंडा, तंट्या भिल्ल, खाज्या नाईक यांच्या चित्रांबरोबर ढोल वाजवणारे हात आणि फेर धरून नाचणारी माणसे त्यांवर आली. गणेश मंडळे, बॅण्डपथके आणि गायक-वादकांचे गट यांच्याकडूनही अशीच मागणी असते.

कोणते वाद्य, कोणाचे चित्र

अडचण येथेच सुरू होते. 'आदिवासी संगीत' म्हटले की तयार चित्रसंग्रहातून बहुधा वारली शैलीतील तारपा नृत्य उचलले जाते. त्रिकोणी देहाची माणसे आणि मध्यभागी तारपावादक असे हे चित्र जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगाला परिचित झाले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली. मात्र ही कला पालघर परिसराची आहे. भिल्ल, पावरा व अन्य समाज राहत असलेल्या शहादा-धडगावच्या टी-शर्टवर ती छापणे म्हणजे एकाचे गाणे दुसऱ्याच्या तोंडी घालणे होय.

वाद्यांचेही तसेच आहे. ताडाच्या पानांचे तोंड असलेला तारपा हे वारल्यांचे वाद्य आहे. पश्चिम खानदेश आणि डांगच्या पट्ट्यात त्याचे नातेवाईक असलेले पावरी हे वाद्य वाजते. भोंगऱ्यात ऐकू येतात ते ढोल, मांदल, थाळी आणि बासरी. ढोल व मांदल ही दोन्ही चर्मवाद्ये असली तरी त्यांचा आकार आणि वाजवण्याची रीत भिन्न आहे. मुंबई-पुण्याच्या पथकातील ताशा काढून तेथे ढोलाचे नाव लिहिल्यास जाणकाराला ते लगेच खटकते. सातपुड्याच्या उत्तरेस राठवा व भिलाला समाजांत घराच्या भिंतीवर काढले जाणारे पिठोरा चित्र घोड्यांनी भरलेले आणि अतिशय देखणे असते. पण ते विधीचा भाग आहे. ते कपड्यावर आणावे का, हे त्या समाजालाच विचारणे योग्य ठरते.

छपाईचे गणित

चित्र ठरले की प्रश्न येतो छपाईचा. सर्वांत रुळलेली पद्धत स्क्रीन प्रिंटिंगची. चौकटीवर ताणलेल्या जाळीला प्रकाशसंवेदी लेप देतात. वर चित्राची फिल्म ठेवून प्रकाश दिला की मोकळा भाग कडक होतो आणि चित्राचा भाग पाण्याने धुऊन निघतो. तेथून स्क्वीजीने शाई खाली दाबली जाते. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. चौकट तयार करण्याचा खर्च दहा टी-शर्टना जेवढा, तेवढाच शंभरांना. म्हणूनच एक-दोन रंगांचे चित्र आणि मोठी मागणी असेल, तर ही पद्धत स्वस्त पडते. जॉय डिव्हिजनच्या पांढऱ्या रेषा किंवा स्टोन्सची जीभ इतक्या सहज जगभर छापल्या गेल्या, त्याचे एक कारण हेच आहे. त्यांना रंग कमी लागतात.

प्लास्टिसॉल शाई सुमारे १६० अंश सेल्सिअस तापमानाला पक्की होते. उष्णता कमी पडली की काही धुण्यांतच चित्राला तडे जातात. सब्लिमेशन पद्धतीत रंगाची वाफ धाग्यात मुरते. पण ती फिकट रंगाच्या पॉलिएस्टरवरच चालते, सुती कापडावर टिकत नाही. डीटीएफ पद्धतीत चित्र आधी फिल्मवर छापून, त्यावर चिकट भुकटी टाकून उष्णतेच्या दाबाने कपड्यावर उतरवतात. एकच टी-शर्ट हवा असेल किंवा चित्रात अनेक रंग असतील, तर ती सोयीची ठरते. मात्र मोठे, सलग चित्र असल्यास त्या जागी हवा खेळत नाही आणि खानदेशच्या उन्हाळ्यात ते चांगलेच जाणवते.

कापडाचे वजन 'जीएसएम'मध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असे मोजतात. १८० जीएसएमचे सुती कापड रोजच्या वापराला भरवशाचे. त्याहून बरेच पातळ कापड मिरवणुकीच्या एका दिवसापुरते ठीक.

हक्क कोणाचा?

कायद्याची बाजू अनेकदा दुर्लक्षित राहते. प्रसिद्ध बॅण्डचे चिन्ह परवानगीशिवाय छापून विकणे हा स्वामित्वहक्क आणि व्यापारचिन्हाचा भंग ठरू शकतो. गायकाच्या चेहऱ्याबाबतही न्यायालये आता कठोर झाली आहेत. अरिजित सिंग यांच्या दाव्यात २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांच्या दाव्यात २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे नाव, आवाज व प्रतिमा यांच्या विनापरवाना व्यापारी वापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले.

स्थानिक चित्रकाराने मात्र १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील तीन तरतुदी ध्यानात ठेवायला हव्यात. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा ठरतो (कलम १७). हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी असावा लागतो आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते (कलम १९). हक्क विकला तरी 'हे चित्र माझे' असे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो (कलम ५७). याखेरीज, नोंदणी होऊ शकेल अशी संकल्पना नोंदणी न करताच औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक वस्तूंवर वापरली गेली, तर तिच्यावरील स्वामित्वहक्क संपतो, असे कलम १५ सांगते. एखादे चित्र या कलमाखाली येते की स्वतंत्र कलाकृती ठरते, यावर न्यायालयांत वाद झडले आहेत. त्यामुळे टी-शर्टची मोठी मागणी हाती घेण्यापूर्वी सल्ला घेणे हिताचे.

मागणी नोंदवण्यापूर्वी

मंडळाने किंवा पथकाने एवढे पाहावे. चित्रातील वाद्य आपल्याच भागातील आहे का, हे ते वाजवणाऱ्याला दाखवून विचारावे. रंग दोन-तीनपेक्षा जास्त नसावेत. एक नमुना छापून घेऊन तो दोनदा धुऊन पाहावा. कापडाचे जीएसएम देयकावर लिहून घ्यावे. चित्रकाराशी कागदावर करार करावा, मग तो चार ओळींचा का असेना. टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात धुतला आणि चित्रावर थेट इस्त्री फिरवली नाही, तर छपाई अधिक काळ टिकते.

जॉन पाश यांचे नाव आज इतिहासात आहे, कारण त्यांच्या कामाची नोंद राहिली. सातपुड्याचा ढोल काढणाऱ्या हाताचीही नोंद राहायला हवी. टी-शर्टच्या खालच्या कडेला, चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव छापायला वेगळी चौकट लागत नाही.