ठासणीची बंदूक आणि माळावरचे काळवीट

मिरज प्रांताचा इतिहास म्हटला की भुईकोट किल्ला, मीरासाहेबांचा दर्गा, पटवर्धन सरदारांच्या स्वाऱ्या आणि १७३९ साली छत्रपती शाहू महाराजांनी जिंकलेले मिरजेचे ठाणे, या गोष्टी प्रथम आठवतात. त्या मानाने घरात खुंटीवर टांगलेल्या ठासणीच्या बंदुकीकडे इतिहासाचे लक्ष कमी गेले. वास्तविक खंडेनवमीस घरातील शस्त्रे पुजताना तिलाही हळदकुंकू लागे, आणि एरवी वर्षभर शिवार राखण्याचे कामही तिच्याकडेच असे.

कृष्णाकाठची काळी जमीन संपून पूर्वेकडे माळ लागतो. या माळांवर पूर्वी काळविटांचे कळप असत. शाळू कोवळा असताना किंवा हरभरा घाट्यावर आला असताना कळप पिकात उतरला, तर कुणब्याची वर्षाची मेहनत वाया जाई. गोफणीच्या धोंड्याने पाखरे उडत. काळवीट मात्र चार उड्या मारून दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा आत शिरे. पारधी फासे लावून हरणे धरीत. कोल्हापूर दरबारी शिकवलेले चित्ते सोडून काळविटांची शिकार होई. राखणदाराला मात्र बंदुकीचाच आधार होता.

आरंभी ही बंदूक तोड्याची होती. चाप ओढला की जळती जामगी रंजकावर टेके आणि बार उडे. पुढे एकोणिसाव्या शतकात टोपीची बंदूक आली, तेव्हा जामगी विझण्याची भीती गेली. परंतु दारू व गोळी नळीच्या तोंडातूनच ठासावी लागे, म्हणून ‘ठासणीची’ हे नाव टिकले.

पहिली बंदूक घेणारा माणूस नक्षीकडे नव्हे, नळीकडे पाही. नळी उजेडाकडे धरून ती सरळ आहे की नाही, आतून गंजाने खाल्ली आहे काय, बुडाशी चीर आहे काय, हे तपासावे लागे. रंजकाचे छिद्र झिजून मोठे झाले असेल तर बाराचा जोर तेथूनच निघून जाई. दस्ता खांद्याला नीट बसतो की नाही आणि नळीचा भार डाव्या हाताला पेलतो की नाही, हेही पाहावे लागे. जुन्या नळीचा पहिला बार कोणी शहाणा माणूस खांद्याला लावून उडवीत नसे. बंदूक बांधून ठेवून लांबून दोरीने चाप ओढला जाई.

त्यानंतर बंदुकीचा हात ओळखायचा. थोड्या दारूपासून सुरुवात करावयाची, गोळी चिंधीत गुंडाळून गजाने एकसारखी ठासावयाची आणि ठरावीक अंतरावरच्या खुणेवर बार टाकून पाहावयाचे. ज्या मापाला गोळ्या जवळजवळ पडत, ते माप त्या बंदुकीचे ठरे. दारू दवात सर्द होऊ नये म्हणून शिंगात किंवा कुप्यात बंद ठेवीत. बार झाल्यावर नळी धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवला नाही, तर थोड्याच दिवसांत गंज चढे.

एवढे करूनही हाती बार एकच. तो सुटला की समोर धुराचा लोट उठे आणि पुन्हा ठासेपर्यंत कळप क्षितिजाला लागलेला असे. म्हणून वाऱ्याची दिशा पाहून, झुडपाआडून जवळ जाऊन, नेमका नर हेरल्याशिवाय चाप ओढण्यात अर्थ नसे.

१८५७ साली इंग्रजांनी हत्यारे जमा करण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमास शेजारच्या मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी विरोध केला. शिकार आणि शस्त्र हेच ज्यांचे जीवन, त्यांना हत्यार देणे म्हणजे अब्रू देणे वाटले. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौजेने हलगलीवर हल्ला केला आणि डिसेंबरात अनेक बेडरांना फाशी देण्यात आले. पुढे १८७८ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात बंदुकीला परवाना लागला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. शेतकऱ्याची ही गरज सरकारलाही मान्य करावी लागली.

मात्र काळविटांचे कळप संपले, त्याचा सगळा दोष या बंदुकीच्या माथी मारता येणार नाही. काडतुसाच्या बंदुका आल्या, जीपगाड्या माळावर धावू लागल्या, रात्री दिव्याच्या झोतात शिकारी होऊ लागल्या आणि माळही नांगराखाली आले. एका बारासाठी पहाटभर दबा धरण्याचे बंधन सुटले, आणि हरणांना सावरण्यास उसंत राहिली नाही. शेवटी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली.

लढाया थांबल्या तसे मिरजेच्या शिकलगारांचे शस्त्रांचे काम ओसरले होते. परंतु हे कारागीर स्वस्थ बसले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धनांच्या आश्रयाने, फरीदसाहेबांसारख्यांनी तंबोरा व सतार घडविण्यास हात घातला. त्या मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरणांनाही आश्रय मिळाला तो एका देवस्थानाच्या परिसरात. देवराष्ट्रे येथील सागरेश्वर महादेवाच्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड रानात झाडे उभी राहिली आणि १९८५ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले. सांबर, चितळ आणि काळवीट आज तेथे निर्धास्त चरतात.

देवळाचा जीर्णोद्धार करताना जुना दगड फेकून न देता पुन्हा भिंतीत बसविला जातो. मिरज प्रांताने आपल्या शस्त्राच्या बाबतीतही तेच केले. शस्त्र घडविणारा हात भजनाच्या तंबोऱ्याकडे वळला, आणि ज्याच्यावर बार उडे ते हरिण महादेवाच्या पदरी राहिले. खंडेनवमीस शस्त्रांची पूजा करताना ग्रामस्थांनी आणि दात्यांनी या दोहोंचेही स्मरण ठेवावे, हे उचित होईल.