पांढरींतील जोडवें

वाशीम जिल्ह्यांत जुन्या वस्त्यांच्या पांढरी ठिकठिकाणीं आहेत. काळी शेताची, पांढरी वस्तीची, हा भेद वाचकांस सांगावयास नको. गांव उठून गेलें तरी पांढर राहते. पावसानें तिची माती धुपली कीं मणी, बांगड्यांचे तुकडे, क्वचित् हिरवें पडलेलें एखादें पितळी जोडवें वर येतें. मणी मुलें वेचतात; जोडवें मोडींत जातें.

हें मोडींत जाणें आम्हांस सोन्याच्या चोरीहून अधिक जाचतें. मध्ययुगीन स्त्रीचे अलंकार पाहावयाचे तर शेजारच्या लोणारास दैत्यसूदनाच्या भिंती आहेत. पण तेथें उभ्या आहेत त्या अप्सरा. निंदणीस जाणाऱ्या बाईच्या पायांत काय होतें, तें पांढरीलाच ठाऊक.

इंग्लंडांत हौशी मंडळी धातुशोधक यंत्रें घेऊन शेतें धुंडाळतात. त्यांच्या वस्तूंची नोंद करणारी योजना तेथें १९९७ सालीं निघाली. तींत दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या, आणि मध्ययुगीन कमरपट्ट्यांचीं बक्कलें त्यांत पुष्कळ. आपल्याकडे बक्कल कोठून निघणार? धोतर, लुगडें खोचून नेसावयाचें, अंगरख्यास कापडी बंद. आपला धातु वस्त्रावर नव्हे, अंगावर: जोडवीं, वाळे, करगोट्याची साखळी.

यंत्रें आपल्याकडेही आलीं, पण बहुधा गुप्तधनाच्या लोभानें. यंत्र सोन्यापितळेस सारखीच हाक देतें. खणणारा मात्र पितळ भिरकावून पुढें जातो. कायद्याची दृष्टीही किंमतीवरच. भुईंतील ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असल्यास कलेक्टरास लेखी कळवावें, लपविल्यास एक वर्षापर्यंत कैद, असें १८७८ च्या कायद्यानें ठरविलें. मोडीच्या तराजूंत एकटें जोडवें तेवढें भरावें कसें?

१९३९ सालीं वाशीमचे ताम्रपट उजेडांत आले, तेव्हां वाकाटकांची वत्सगुल्म शाखा निराळी होती हें कळलें. त्या पत्र्यांवर राजाचें नांव होतें, दान दिलेलें गांव होतें, राज्यवर्ष ३७ होतें. ते कोठेंही नेले तरी बोलले असते. जोडव्यावर अक्षर नाहीं. तें कोणत्या शेतांत, किती खोल, कशाशेजारीं होतें, हीच त्याची अक्षरें. उपटतांना तींच पुसलीं जातात. म्हणून यंत्र घेऊन पांढर उकरणाऱ्या सद्हेतूच्या हौशी माणसासही आम्ही हात जोडून थांबवूं.

पण नांगरानें आपण होऊन वर काढलेलें असेल, तर गट क्रमांक व जागा लिहून ठेवावी आणि तलाठ्यास अथवा पुरातत्त्व खात्यास कळवावें. चिंच लावून घासूं मात्र नये. त्या हिरव्या कळंकांत कधीं कधीं शेंकडों वर्षांपूर्वींच्या कापडाचा धागा चिकटून राहिलेला असतो.