निसरड्या खडकावर वाट शोधताना

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात कोम रिज नावाची कातळाची धार आहे. उत्तर-दक्षिण पसरलेली, शंभर किलोमीटरहून लांब, माथा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा दातेरी. पूर्वेकडून ती अगदी साधी वाटते. बटलर वॉशच्या कोरड्या ओढ्यातून निघायचं, उघड्या वाळूखडकाच्या तिरप्या उतारावरून वर चढत राहायचं. बऱ्याच ठिकाणी आखलेली वाट नाहीच. पाय टिकेल ती वाट. माथ्यावर पोचलं की मात्र जमीन एकदम संपते. पश्चिमेला सरळ तुटलेला कडा, खाली कोम वॉशची दरी, समोर सीडर मेसाचं पठार, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके.

हा खडक म्हणजे साधारण १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या, दगड झालेल्या. त्याला म्हणतात ‘स्लिकरॉक’, निसरडा खडक. गंमत म्हणजे कोरडा असताना रबरी तळव्याचा बूट त्यावर घट्ट बसतो. घसरायचे ते नाल मारलेले घोडे.

१८७९च्या हिवाळ्यात असेच घोडे घेऊन मॉर्मन पंथाची सुमारे अडीचशे माणसं इकडे निघाली. बायका, लहान मुलं, ८०हून जास्त वॅगन, हजारावर गुरं. सॅन हुआन नदीकाठी वसाहत करायची होती. जवळचा रस्ता म्हणून त्यांनी कुणीच नीट न पाहिलेला मुलूख निवडला. सहा आठवडे लागतील असा अंदाज होता, लागले जवळपास सहा महिने.

वाट शोधायला चौघे पुढे गेले: जॉर्ज हॉब्ज, लेम्युएल रेड, जॉर्ज सेव्ही आणि जॉर्ज मॉरेल. शिधा आठ दिवसांचा. एका गुळगुळीत कातळावर खाली उतरायला जागाच सापडेना, तेव्हा हॉब्ज रानमेंढ्यांच्या मागे गेला आणि त्या जनावरांनीच त्याला तळापर्यंतची वाट दाखवली. पुढे बर्फ पडलं, शिधा संपला, दिशाही हरवली. २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, ते एका टेकाडावर चढले आणि ईशान्येला ब्लू माउंटन्स दिसले. आपण कुठे आहोत ते त्या एका नजरेत कळलं. टेकाडाचं नाव आज ‘सॅल्व्हेशन नॉल’ आहे. शिखरावरून दिसणारा देखावा आपण फोटोसाठी पाहतो. त्या चौघांसाठी तो जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

डोंगर दिसला म्हणून वॅगनना वाट मिळाली असं मात्र नाही. मोठा तांडा कोम वॉशमध्ये पोचला तेव्हा समोर हीच धार उभी होती, आणि तीही कड्याच्या बाजूने. मग दरीतून दक्षिणेला नदीपर्यंत जायचं आणि धारेच्या टोकाला, आज ज्याला सॅन हुआन हिल म्हणतात तिथे, खडकावरून रस्ता काढायचा. एकेका वॅगनला घोड्यांच्या सात सात जोड्या. घोडे गुडघ्यांवर कोसळत, पुन्हा उठत. चार्ल्स रेड यांनी लिहून ठेवलंय की चढावरचे सर्वात वाईट टप्पे घोड्यांच्या पायांचं वाळलेलं रक्त आणि केस पाहून ओळखू येत. आणि त्यांचे वडील, एरवी भावना न दाखवणारे, त्या चढाची आठवण निघाली की रडत. मला या सगळ्या मोहिमेच्या शौर्यकथांपेक्षा हे रडणं जास्त खरं वाटतं. ६ एप्रिल १८८० रोजी तांडा आज ब्लफ गाव आहे तिथे थांबला. ठरलेली जागा अजून पुढे होती, पण माणसांत आणि जनावरांत त्राण उरलं नव्हतं.

या गोष्टीत एक शब्द खटकतो: ‘अनोळखी मुलूख’. कुणाला अनोळखी? इथे यूट आणि नावाहो लोक राहत होते. त्याआधी प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी याच धारेच्या घळींमध्ये घरं बांधली, चढायला खडकात हातापायांच्या खोबण्या कोरल्या. माथ्याजवळ एका खिंडीपाशी त्यांचं एक चित्र आहे, हजार वर्षांहून जुनं: पावणेदोनशेच्या आसपास माणसं, वेगवेगळ्या दिशांनी रांगा करून एका वर्तुळाकडे चाललेली. म्हणजे वॅगनना जी धार भिंत वाटली, ती पायी माणसांनी कधीच ओलांडली होती.

आज हा भाग बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकात येतो. २०१६ मध्ये ते जाहीर झालं, २०१७ मध्ये त्याची हद्द खूप कापली गेली, २०२१ मध्ये पुन्हा वाढवली. वाट सोडून चालणाऱ्यांना इथे एकच गोष्ट सांगतात: पाय उघड्या खडकावर किंवा ओढ्याच्या वाळूत ठेवा. मधल्या काळपट, खडबडीत मातीवर सूक्ष्म जिवांचा थर असतो. तोच वाळवंटाची माती धरून ठेवतो, आणि बुटाच्या एका ठशातून सावरायला त्याला कित्येक वर्षं लागतात.