समुद्रावरची शिदोरी

रोहिणखेड येथे १४३७ मध्ये बहमनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला. अशा लढायांच्या सनावळ्या आपण वर्गात सांगतो. फौज खात काय होती, हे मात्र सहसा सांगत नाही. गावांतले धान्य, विहिरींचे पाणी आणि पुढील काळात बैलांवर गोणी लादून येणारे बंजाऱ्यांचे तांडे, यांवर दख्खनमधली फौज जगे. समुद्रावर ना गाव, ना विहीर. मग युद्धनौकेने शिदोरी आणावी कोठून?

शिडाच्या जहाजांना वारा फुकट मिळे. एकोणिसाव्या शतकात कोळसा आला आणि आरमारे बंदरांशी बांधली गेली. कारण भर समुद्रात कोळशाची पोती एका जहाजावरून दुसऱ्यावर नेणे महाकठीण. तेलाने ही अडचण सोडवली. द्रव नळीतून वाहतो! १९१७ मध्ये अमेरिकेच्या ‘मॉमी’ या तेलवाहू जहाजाने अटलांटिक ओलांडणाऱ्या विनाशिकांना चालता चालता तेल पुरवले.

याची रीत अशी : दोन्ही जहाजे साधारणपणे ३० ते ६० मीटर अंतर राखून, ताशी २२ ते ३० किलोमीटर वेगाने समांतर धावतात. एकावरून बंदुकीने बारीक दोरी फेकतात. तिच्यामागून जाड दोर जातो आणि शेवटी पोलादी दोरावर टांगलेली नळी. थांबूनच तेल का देऊ नये? थांबलेल्या जहाजाचे सुकाणू निरुपयोगी होते, कारण त्यावरून पाणी वाहत नाही. शिवाय ते पाणबुडीचे आयते लक्ष्य ठरते. चालण्यातही धोका आहेच. दोन जहाजांमधल्या चिंचोळ्या जागेत पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. दोन कागद समोरासमोर उभे धरून मधून फुंकर मारा. कागद जवळ येतात. येथेही तेच घडते. म्हणून सुकाणूवरच्या माणसाला क्षणभरही गाफील राहता येत नाही.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. तो दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. या नौका लहान. भरवेगात त्यांचे इंधन झपाट्याने संपे. म्हणूनच त्या ताफ्यात ‘पोषक’ नावाचे तेलवाहू जहाजही होते. चारच दिवसांनी ‘विनाश’ या नौकेच्या क्षेपणास्त्राने कराचीजवळच्या केमारी येथील तेलाच्या टाक्या पेटवल्या. एकीकडे आपले इंधन जपायचे, दुसरीकडे शत्रूचे जाळायचे. युद्धाचे गणित असे इंधनाभोवती फिरत होते.

२०११ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झालेले ‘दीपक’ हे जहाज ताशी १,५०० टन इंधन देऊ शकते. साधने बदलली, प्रश्न मात्र रोहिणखेडच्या फौजेचाच राहिला. पुढच्या वेळी वर्गात एखादी लढाई शिकवताना विद्यार्थ्यांना एवढेच विचारू या : यांची शिदोरी कोण वाहत होते?