पेटीचा कोपरा

चार फळ्यांची पेटी करायची, तर फळ्या कापणे सोपे असते. अडते ते कोपऱ्यावर. ही अडचण फार जुनी आहे. जर्मनीत लाइपझिगच्या परिसरात सापडलेल्या विहिरींना आतून ओकच्या लाकडाचे चौकोनी अस्तर होते. हे ओक इ.स.पू. ५२०६ ते ५०९८ या काळात तोडलेले आहेत, असे वृक्षवलये मोजून ठरवले गेले (२०१२). तेव्हा हत्यारे दगडाची होती. लोखंडी खिळा यायला हजारो वर्षे अवकाश होता. तरीही कोपरे एकमेकांत अडकवलेले होते आणि काही ठिकाणी चक्क कुसू व त्यासाठी पाडलेले भोकही होते!

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने शालेय अभ्यासक्रमात सुतारकामाला जागा दिली. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात तर सागाची जंगलेच आहेत. तिथल्या एका शाळेत आम्ही शिक्षकांसोबत खडूंच्या पेट्या केल्या. महिना वैशाखाचा होता. फळ्या काटकोनात टेकवल्या, सरस लावला, खिळे ठोकले आणि तळाची फळी आत घट्ट बसवली. श्रावणात पाहतो तो कोपरे उघडलेले. आम्ही सांध्याला दोष दिला.

पण चूक तळाची होती. दमट हवेत लाकूड तंतूंच्या आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाही. वीतभर रुंदीचा तळ दोनेक मिलिमीटर वाढला आणि त्याने लांब बाजू बाहेर रेटल्या. चारही बाजूंचे तंतू आडवे धावत असल्याने त्या फक्त उंचीत, आणि सारख्याच, वाढतात. कोपऱ्याला त्याचा त्रास नाही. सांधा कच्चा होता हेही खरे. फळीच्या टोकाकडून तंतूंच्या दिशेने ठोकलेला खिळा लवकर निसटतो आणि तिथली उघडी छिद्रे सरस पिऊन टाकतात.

पुढच्या पेटीत तळ खाचेत सैल बसवला. कोपऱ्यालाही साधी खाच घेतली; खडूंसाठी तेवढे पुरते. टेबलाच्या खणाची गोष्ट वेगळी, कारण तिथे दर्शनी फळीला रोज ओढ बसते. म्हणून बाजूच्या फळ्यांची टोके पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखी कापतात. हा डव्हटेल सांधा प्राचीन इजिप्तच्या कारागिरांनाही ठाऊक होता. शेपट्या मात्र बाजूच्या फळ्यांवरच हव्यात. आमच्या एका विद्यार्थ्याने त्या दर्शनी फळीवर कापल्या. खण सुंदर दिसला, आणि ओढताच दर्शनी फळी त्याच्या हातात आली.