पोटगी, लेकरू आणि बाईचा हक्क : आपल्या भागातील एक हकीकत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह होता. पाककृती व भरतकाम यांवर लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी निराळा विषय घेतला. मंडळाच्या बैठकीनंतर मागे रेंगाळून, इकडे-तिकडे पाहून, हलक्या आवाजात विचारले जाणारे प्रश्न बहुधा तीनच असतात. "माहेरी आले तर पोटगी मिळते का?" "लेकरू कोणाचे?" आणि "त्यांच्या पेन्शनीत माझे काही आहे की नाही?" या तीन प्रश्नांमागे मोठा इतिहास आहे. तो ठाऊक असला तर आजचा कायदा समजायला सोपा जातो, आणि तो सहज मिळालेला नाही हेही कळते.

आरंभ आपल्या शेजारापासूनच करू. उमरग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथे विक्रमादित्य सहावा याच्या काळात विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पुढे आठशे वर्षे बंगाल सोडून बहुतेक हिंदुस्थानात हिंदूंच्या वारशाचा निर्णय याच ग्रंथाच्या आधारे होत राहिला. विशेष हे की, विज्ञानेश्वरांनी स्त्रीधनाचा अर्थ फार व्यापक केला. लग्नात मिळालेले तेवढेच नव्हे, तर वारशाने, वाटणीने वा खरेदीने आलेलेही स्त्रीधनच, असे त्यांनी म्हटले. इंग्रजी अमदानीत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र हा अर्थ आखडून घेतला. वारशाने आलेली मिळकत बाईने हयातीपुरती उपभोगायची, पुढे ती पुरुषाच्या वारसांकडे परत जायची, असा दंडक पडला. म्हणजे जुने ते सारे वाईट आणि नवे ते सारे चांगले, असे कायद्याच्या बाबतीत म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट मुंबईची. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे नाकारले. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी त्यांच्यावर दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. तो अपिलात फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, एका महिन्यात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा मिटविला. रखमाबाई पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व त्यांनी सुरत आणि राजकोट येथे अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. नांदायला न गेल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली कायद्यातून गेली. रखमाबाई १९५५ च्या सप्टेंबरात वारल्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी मे महिन्यात अमलात आला होता. तो त्यांना हयातीत पाहायला मिळाला, हे मला मोठे समाधानाचे वाटते.

आपला जिल्हा तेव्हा कोठे होता? निजामाच्या राज्यात. कचेरीचे कामकाज उर्दूत, आणि वरचे अपील हैदराबादला. बाईने तेथवर जायचे म्हणजे भाऊ किंवा बाप बरोबर हवा, वाटखर्च हवा, आणि अर्ज वाचून दाखविणारा माणूसही हवा. त्यामुळे बहुतेक भांडणे पंचांपुढे, चावडीवर किंवा देवळाच्या पारावरच मिटत. कित्येक समाजांत काडीमोड होती, पाट होता, मोहतूर होता. नवऱ्याने टाकलेल्या बाईला पुन्हा घर करता येत असे, ही त्यातली चांगली बाजू. परंतु लेकरू बहुधा बापाच्या घरी राही, आणि पोटगी ही पंचांच्या मर्जीवर व नवऱ्याच्या लाजेवर अवलंबून असे.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, आणि १ एप्रिल १९५१ पासून भारताची फौजदारी संहिता हैदराबाद राज्यास लागू झाली. तिच्यातल्या ४८८ व्या कलमाने बायकोला व लेकरांना मॅजिस्ट्रेटपुढे पोटगी मागता येऊ लागली. त्याच वर्षी, २७ सप्टेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडले, हे त्याचे एक मुख्य कारण होते. ते बिल पुढे तुकड्यांनी मंजूर झाले. १९५५ साली विवाहाचा कायदा झाला. १९५६ च्या जूनमध्ये वारशाचा, ऑगस्टमध्ये अज्ञानांच्या पालकत्वाचा आणि डिसेंबरात दत्तक व पोटगीचा. त्याच १९५६ च्या १ नोव्हेंबरला आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. आपल्या आजी-आयांच्या आयुष्यात राज्य बदलले, कचेरीची भाषा बदलली आणि लग्नाचा कायदाही बदलला, तो सारा एका वर्षाच्या अवतीभवतीच!

कागदावरचा हक्क पदरात पडायला मात्र वेळ लागला. एक लहानशी अडचण सांगते. जुन्या ४८८ व्या कलमाखाली अर्ज करायचा तो नवरा राहतो तेथे, किंवा दोघे शेवटी एकत्र राहिले तेथे. भूमची लेक सोलापुरात दिली व टाकली गेली, तर तिने तारखेला सोलापूरला जायचे. तारखा पडत, पैसे संपत, आणि अर्ज निकालात निघे. १९७३ च्या संहितेने, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून, बायको स्वतः राहत असेल त्या जिल्ह्यातही अर्ज करता येऊ लागला. आपल्या भागातून पुरुषमाणसे ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला जातात. तेव्हा या एका ओळीची किंमत काय, हे मी निराळे सांगायला नको. त्याच संहितेने घटस्फोट झालेल्या व पुन्हा लग्न न केलेल्या बाईलाही पोटगीसाठी 'पत्नी'च मानले.

रकमेची गोष्टही अशीच. दरमहा जास्तीत जास्त पाचशे रुपये ही मर्यादा १९५५ साली घातली गेली, आणि ज्वारीचा भाव कितीतरी पटींनी वाढला तरी ती कित्येक वर्षे तशीच राहिली. २००१ साली ती काढून टाकण्यात आली. अर्ज चालू असताना द्यायची अंतरिम पोटगी शक्यतो साठ दिवसांत ठरवावी, असेही तेव्हाच आले. नोव्हेंबर २०२० मध्ये, नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दोघांनीही आपली मिळकत व खर्च प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावा, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. १२५ वे कलम तेथे १४४ वे झाले. क्रमांक बदलला म्हणून हक्क बुडाला, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

आपल्या मुसलमान भगिनींचा मार्ग अधिक खडतर होता. इंदूरच्या शहाबानो यांना सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली पोटगी दिली. १९८६ साली निराळा कायदा होऊन हा हक्क आखडल्यासारखा झाला. २००१ साली त्याच न्यायालयाने त्या कायद्याचा असा अर्थ लावला की, नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीतच बायकोच्या पुढील आयुष्याचीही वाजवी तरतूद केली पाहिजे. २००२ साली तर आपल्या शेजारचेच प्रकरण गाजले. ते कुटुंब लातूरचे होते. लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायमूर्तींनी ठरविले की, "मी पूर्वीच तलाक दिला आहे" एवढे नवऱ्याने कैफियतीत लिहिल्याने पोटगी टळत नाही; तलाक कारणासह व रीतीप्रमाणे दिल्याचे त्याने शाबीत केले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की, घटस्फोटित मुसलमान स्त्रीसही १२५ व्या कलमाचा आधार आहे.

दुसरेपणाच्या बायकोचा प्रश्नही येथेच सांगते. पहिली असताना केलेले दुसरे लग्न १९५५ च्या कायद्याने हिंदूंत रद्दबातल ठरते. १९८८ साली महाराष्ट्रातल्याच एका स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने पोटगी नाकारली. २०१३ साली मात्र, पहिले लग्न लपवून फसविलेल्या बाईला पोटगी दिलीच पाहिजे, असे त्याच न्यायालयाने ठरविले. अशा लग्नातील लेकरे कायद्याने औरसच आहेत, आणि त्यांचा पोटगीचा हक्क कोठेच जात नाही.

आता लेकराविषयी. १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक "बाप आणि त्याच्यानंतर आई" असे शब्द आहेत. पाच वर्षांखालील मूल मात्र सामान्यतः आईजवळ राहावे, असेही त्यातच आहे. "त्याच्यानंतर" म्हणजे तो मेल्यावर, असा अर्थ लोक करीत. १९७० साली विदर्भातील एका जमिनीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. बाप जिवंत होता, पण कित्येक वर्षे निराळा राहून लेकीकडे ढुंकूनही पाहत नव्हता. जमिनीचा व्यवहार आईच पाही. न्यायालयाने म्हटले, असा बाप असून नसल्यासारखाच, तेव्हा आई हीच पालक. याच न्यायाच्या आधारे १९९९ साली "त्याच्यानंतर" याचा अर्थ "त्याच्या गैरहजेरीत" असा सर्वांसाठी ठरला. आज ताब्याच्या प्रश्नात न्यायाधीश प्रथम पाहतात ते लेकराचे हित. बापाचा हक्क वा आईची माया ही त्यानंतर. म्हणून लेकराची शाळा, दवाखाना आणि रोजची देखभाल कोण करते, याचे कागद जपून ठेवावेत. आणि हेही सांगते की, ताबा आईकडे असला तरी बापाला भेटू देणे हे बहुधा लेकराच्या हिताचेच असते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात नावापुढे आधी आईचे नाव लागते. चावडीवर जिचे नाव कोणी विचारीत नसे, तिच्या बाबतीत ही काही लहान गोष्ट नव्हे.

तिसरा प्रश्न पेन्शनचा. नवरा नोकरीत असून वारला तर कुटुंबनिवृत्तिवेतन कायदेशीर पत्नीला मिळते. घटस्फोट झाला नसेल, तर केवळ निराळी राहते म्हणून ती परकी होत नाही. घटस्फोट झाल्यावर मात्र हा हक्क जातो, म्हणून घटस्फोटाच्या वेळीच पोटगीची एकरकमी वा मासिक तरतूद नीट लिहून घ्यावी. दुसऱ्या, बेकायदेशीर लग्नाच्या बायकोला निवृत्तिवेतन नाही, पण तिच्या अज्ञान लेकरांना वाटा आहे, असे २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ज्यांचे नवरे नोकरीत नव्हते व ज्यांना पोटगीही मिळत नाही, अशा टाकलेल्या व घटस्फोटित भगिनींसाठी १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचा अर्ज तहसील कचेरीत होतो.

एका धोक्याविषयी मला कळकळीने लिहावयाचे आहे. गेल्या काही वर्षांत चार-पाच भगिनी माझ्याकडे स्टँपपेपर घेऊन आल्या. त्यावर "आम्ही दोघे राजीखुशीने निराळे राहत आहोत, माझा पोटगीवर हक्क नाही" अशा अर्थाचा मजकूर, आणि खाली तिची सही किंवा अंगठा. एकीने तर सही करताना तो मजकूर कोणी वाचूनही दाखविला नव्हता. अशी सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. जातीत काडीमोडीची रूढी आहे, हे कोर्टात शाबीत झाले तरच कायदा ती मानतो, असे २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. परंतु "राजीखुशीने निराळे" हे शब्द पोटगीच्या आड येतात, कारण परस्परसंमतीने निराळे राहणाऱ्या बायकोला त्या कलमाखाली पोटगी नाही. म्हणजे लग्न मोडत नाही, पण पोटगीचा अर्ज अडतो. वकिलाला दाखविल्याशिवाय असल्या कागदावर सही करू नका, एवढे या लेखातून लक्षात राहिले तरी पुरे.

वकिलाला पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे साधा अर्ज द्यावा. पोटगी व घटस्फोटाच्या दाव्यांत बायकांना आपल्या राज्यात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. मारहाण होत असेल वा घराबाहेर काढले असेल, तर २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन राहत्या घराचा हक्क मागता येतो. आणि पोटगीचा हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर गप्प बसू नये. थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नवरा कैदेत गेला तरी रक्कम फिटत नाही, असे न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले आहे.

भगिनींनो, घर मोडावे म्हणून मी हे लिहिलेले नाही. समेट झाला तर मला आनंदच आहे, आणि आपल्या मंडळाने असे समेट केलेही आहेत. पण ज्या बाईला आपला हक्क ठाऊक असतो, तिचा समेट बरोबरीचा होतो. जिला ठाऊक नसतो, तिची नुसती समजूत घातली जाते. कल्याणीच्या पंडितापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतची ही वाट कोणी ना कोणी बाई अडून बसली, कोर्टाची पायरी चढली, म्हणूनच पुढे सरकली. त्यांपैकी बहुतेकींची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत. त्यांनी मिळविलेले आपण अज्ञानापायी घालवू नये, आणि शेजारणीलाही घालवू देऊ नये. मंडळाचे दार त्यासाठी उघडे आहेच.