वाळूजची स्कूटर ते गूगलचा दंड : मक्तेदारीविरोधी कायद्याची कहाणी

१/ २० ऑक्टोबर २०२२. भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीचे मोठेपण हा दोष नाही, त्या मोठेपणाचा गैरवापर हा दोष, हे या निर्णयामागचे तत्त्व. ते स्वीकारण्यास भारताला अनेक दशके लागली. या प्रवासातील एक ठिकाण छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज आहे.

२/ संपत्तीचे केंद्रीकरण सर्वसामान्यांना घातक ठरू नये, असे संविधानाचा अनुच्छेद ३९(ग) राज्याला बजावतो. १९६४ साली के. सी. दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली मक्तेदारी चौकशी आयोग नेमण्यात आला. खासगी कंपन्यांच्या एकूण मालमत्तेपैकी जवळपास ४७ टक्के वाटा अवघ्या ७५ उद्योगघराण्यांकडे असल्याचे त्याला आढळले. चिंता निराधार नव्हती.

३/ त्यातून मक्तेदारी व निर्बंधात्मक व्यापारी प्रथा कायदा, १९६९ जन्मास आला. उद्योगजगतात तो ‘एमआरटीपी’ म्हणून ओळखला गेला. २० कोटी रुपये वा अधिक मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहाला कारखाना वाढवायचा असल्यास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी अनिवार्य झाली. वर्तन तपासण्यापूर्वी कायदा आकार मोजू लागला.

४/ याची झळ बसलेल्या उद्योगांपैकी एक म्हणजे बजाज ऑटो. पुण्याजवळच्या आकुर्डीत इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने स्कूटर तयार होत असे. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. मागणी अफाट होती, परंतु उत्पादन किती करायचे याचा आकडा परवान्याने ठरवून दिलेला होता.

५/ येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. परवाना पद्धतीमुळे नवा स्पर्धक बाजारात सहजी उतरू शकत नव्हता आणि एमआरटीपीमुळे जुना उत्पादक वाढू शकत नव्हता. एका कायद्याने मक्तेदारीला कुंपण घातले, तर दुसऱ्या नियमाने त्याच मक्तेदारीचे रक्षण केले. दोहोंच्या मध्ये ग्राहक अडकला.

६/ परिणामी चेतकसाठी दहा-दहा वर्षे वाट पाहावी लागे. नोंदणी करून ठेवलेली स्कूटर नंबर लागताच चढ्या भावाने विकण्याचा धंदा फोफावला. देशाला हवी असलेली वस्तू जास्त बनवली म्हणून तुरुंगात जावे लागले तरी बेहत्तर, अशी राहुल बजाज यांची भूमिका पुढे प्रसिद्ध झाली.

७/ ऐंशीच्या दशकात बंधने सैल होऊ लागली. १९८४ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ, वाळूज येथे बजाजच्या नव्या कारखान्याची पायाभरणी झाली. नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुट्या भागांचे कारखाने भोवती उभे राहिले आणि मराठवाड्यातील हे शहर वाहन उद्योगाचे केंद्र बनले.

८/ त्याच सुमारास हीरो होंडा, कायनेटिक होंडा असे स्पर्धकही मैदानात उतरले. १९८५ मध्ये एमआरटीपीची मर्यादा २० वरून १०० कोटींवर गेली आणि १९९१ मध्ये विस्तारासाठीच्या पूर्वपरवानगीची अटच रद्द झाली. रांग संपली ती उत्पादन आणि स्पर्धा दोन्ही वाढल्यामुळे.

९/ मग मक्तेदारीविरोधी कायदा नकोच का? सॉफ्टवेअरच्या जगाने याचे उत्तर दिले. विंडोजच्या बळावर इंटरनेट एक्सप्लोरर लादल्याचा ठपका ठेवून अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा २००० मधील आदेश अपील न्यायालयाने २००१ मध्ये रद्द केला. गैरवर्तनाचा ठपका मात्र बव्हंशी कायम राहिला.

१०/ राघवन समितीच्या शिफारशींनंतर भारतात स्पर्धा अधिनियम, २००२ आला. त्याचे कलम ४ वर्चस्वाला नव्हे, वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई करते. ते मे २००९ मध्ये अमलात आले आणि त्याच वर्षी एमआरटीपी कायदा इतिहासजमा झाला.

११/ गूगलचे प्रकरण याच कलमाखालचे. ‘प्ले स्टोअर’ हवे असेल तर गूगलची इतर अॅपही फोनमध्ये आधीच बसवावी लागतील, अशी अट मोबाइल उत्पादकांवर होती. पैसे न मोजता मिळणाऱ्या सेवेत ग्राहक किंमत देतो ती निवड गमावून. आयोगाच्या आदेशानंतर, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतासाठी बदल जाहीर केले : उत्पादकांना अॅप सुटी घेता येतील आणि नव्या फोनवर सर्च इंजिन ग्राहक निवडेल.

१२/ मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु आयोगाचे चार निर्देश रद्द केले. आधीच बसवलेली अॅप काढून टाकण्याची मुभा ग्राहकाला देणारा निर्देश त्यांपैकीच एक. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

१३/ चेतकच्या काळी कायदा कंपनीचा आकार मोजत राहिला आणि ग्राहक रांगेत उभा राहिला. आजचा कायदा कंपनीचे वर्तन तपासतो. तरीही त्याची कसोटी दंडाच्या आकड्यावर लागणार नाही. हातातल्या फोनमध्ये काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे ग्राहकाला किती ठरवता येते, यावरच ती लागेल.